नमनाच्या चित्रफिती आणि जुना संगणक: प्रकल्पाच्या नोंदी

२२ मार्च २०२५, शनिवार

शिमगा आटोपला. वाडीतल्या नमनांचं, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याचं, चित्रण पूर्ण झालं. पालखी देवळात बसली आणि आज पहिल्यांदाच सगळी मेमरी कार्डं एका जागी रिकामी केली. हिशेब असा: उसन्या कॅमेऱ्यावरचं चित्रण सहा तास, १०८०पी, सेकंदाला ५० फ्रेम, ५० मेगाबिटनं. तासाला साडेबावीस जीबी धरले तर १३५ जीबी. दोन फोनवरचं मिळून चार तास, ४के, एचईव्हीसी (चित्र घट्ट दाबून साठवायची पद्धत), अंदाजे ४० जीबी. रेकॉर्डरवर घेतलेला आवाज वेगळा, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, तो तासाला एक जीबी. एकूण १८० जीबीच्या वर.

घरच्या लॅपटॉपवर फोनची एक फाइल लावली. चित्र दर दोन सेकंदांनी थबकतं, आवाज मात्र पुढे जातो. पाचव्या पिढीचा आय ३ प्रोसेसर, दोनच कोअर (काम करणारे गाभे), ४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क. एचईव्हीसी पूर्णपणे उलगडण्याची सोय त्याच्या चिपमध्ये नाहीच. शाळेच्या प्रश्नपत्रिका आजवर त्याने निमूट काढून दिल्या, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण या चित्रणाची कापाकापी त्याच्यावर होणार नाही.

चित्रण करताना मृदंगवाले आप्पा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते: "बाय, माझा हात दिसला पायजे. तोंड नको." आप्पांचं वय ७८. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं नोकरीसाठी मुंबईला गेली, वाडीत आता मृदंगावर बसणारं दुसरं कोणी नाही. म्हणूनच कॅमेरा ५० फ्रेमवर ठेवला होता. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर तोच तुकडा निम्म्या गतीनं चालतो आणि बोटं धूसर होत नाहीत. संगणक निवडताना हे विसरायचं नाही, म्हणून पहिल्याच पानावर लिहून ठेवते.

३० मार्च, गुढीपाडवा

मंडळाची बैठक झाली. चाकरमान्यांनी शिमग्यात दिलेल्या वर्गणीतून ४० हजार मंजूर झाले. अटी दोन. पक्कं बिल हवं आणि यंत्र मंडळाच्या नावावर राहील. तिसरी अट माझ्याकडून: या ४० हजारांत स्क्रीन, साठवण आणि यूपीएसही बसले पाहिजेत. सगळे पैसे संगणकाच्या डब्यात ओतायचे आणि चित्रीकरणाची एकच प्रत त्याच डब्यात ठेवायची, हे मला मान्य नाही. ही नमनं पुन्हा चित्रित करता येतील, पण आप्पांचा हात पुन्हा असाच मिळेल याची खात्री कोण देणार?

नवा लॅपटॉप घ्यावा असं दोघांचं म्हणणं पडलं. ४० हजारांत येतो तो ८ जीबी रॅमचा, पुष्कळदा बोर्डवरच जोडलेल्या रॅमचा, आणि मग बाकी कशालाच पैसे उरत नाहीत. ॲपलचा वापरलेला छोटा संगणक, एम १ मॅक मिनीही पाहिला. यंत्र सुरेख आहे आणि व्हिडिओच्या कामात त्याची चिप जुन्या डब्यांना सहज मागे टाकते. पण रॅम आणि साठवण खरेदीच्या दिवशी असेल तेवढीच, पुढे वाढत नाही. आमच्या मंडळाला दरवर्षी थोडं थोडं वाढवता येईल असं काहीतरी हवं आहे. म्हणून मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून बाहेर पडणारे टॉवर (उभ्या डब्याचे संगणक) शोधायचं ठरलं. चार-पाच वर्षं वापरून झाली की ते घाऊक विकले जातात. आत नेमकं काय आहे ते मॉडेलच्या नावावरून कळतं आणि सुटे भाग मिळतात.

६ एप्रिल, रामनवमी

किमान गरजा ठरवल्या. इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठवी पिढी किंवा पुढची. याला दोन कारणं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतो आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच चालतं, त्यासाठी टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) ही लागतं. दुसरं असं की डेस्कटॉपच्या आय ५ मध्ये चाराचे सहा कोअर झाले ते आठव्या पिढीतच.

रॅम १६ जीबी आणि दोन पट्ट्यांत विभागलेली. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की चित्राचं कामही याच रॅमवर चालतं, आणि दोन पट्ट्या असल्या की तिला दुहेरी वाट मिळते.

ग्राफिक्स कार्डावर दोन रात्री विचार केला. दाविंची रिझॉल्व्ह या कापाकापीच्या प्रोग्रॅमची फुकट आवृत्ती नीट चालवायची तर ४ जीबीचं वेगळं कार्ड असलेलं बरं. रिझॉल्व्ह मला हवं होतं ते अंधारातल्या चित्रावरची खर (रवाळ ठिपके) घालवायला, पण ती सोय पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीतच आहे. मग कार्डाचे सात-आठ हजार कशासाठी घालायचे? केडीएनलाइव्ह या फुकट प्रोग्रॅममध्ये आमची कापाकापी, आवाज जुळवणं, रंग सारखे करणं, साधी खर कमी करणं हे सगळं होतं आणि ते कार्डावाचून चालतं. थ्रीडीचं काम करणाऱ्याचा निर्णय उलटा पडेल. ब्लेंडरसारख्या थ्रीडीच्या प्रोग्रॅममध्ये कार्डाने फार फरक पडतो. आमच्या टॉवरमध्ये जागा राहील, पुढे घालता येईल.

१३ एप्रिल

आजचं काम सगळ्यात उपयोगाचं झालं असं वाटतं. दुकानात गेल्यावर चाचणी कशावर घ्यायची? दुकानदार लावून दाखवतात ते झगमगीत नमुने कुठल्याही यंत्रावर छान दिसतात. म्हणून आमच्याच चित्रीकरणातला सर्वांत अवघड ७० सेकंदांचा तुकडा निवडला: संकासुराचा, म्हणजे नमनातल्या काळ्या सोंगाचा, नाच. पोशाख काळा, टोकदार उंच टोपी काळी, मागे रात्र, एका बाजूने हॅलोजन, कमरेला घुंगरं, आणि झांजा पूर्ण जोरात. फोनवरचा ४के तुकडा, त्याच्या जोडीला कॅमेऱ्याचा, खाली रेकॉर्डरचा आवाज. उलगडायला जड, स्क्रीनची परीक्षा घेणारा आणि कानांचीही.

पेनड्राइव्हवर हे ठेवलं: तो तुकडा, केडीएनलाइव्हची न बसवता चालणारी आवृत्ती, चित्रफिती लावून पाहायला व्हीएलसी, डिस्क तपासायला क्रिस्टलडिस्कइन्फो, तापमान पाहायला एचडब्ल्यूइन्फो. केडीएनलाइव्हमध्ये एक छोटा प्रकल्प तयार ठेवला, ज्यात खर कमी करणारा फिल्टर आणि रंगदुरुस्ती आधीच लावलेली आहे. दुकानात गेल्यावर फक्त रेंडरचं (तयार फीत काढण्याचं) बटण दाबायचं आणि घड्याळ पाहायचं. घरच्या लॅपटॉपवर याला साडेनऊ मिनिटं लागली.

२६ एप्रिल, शनिवार

जवळच्या दोन-तीन ठिकाणी पाहून आले. सगळीकडे पहिलं वाक्य एकच: "मॅडम, आय ७ आहे." पुढचा आकडा विचारला की चेहरा बदलतो. पहिला निघाला आय ७-३७७०, म्हणजे २०१२ सालची तिसरी पिढी. नवा काचेचा डबा, आत रंगीत दिवे, किंमत ११ हजार. आठव्या पिढीचा साधा आय ५ याच्या पुढे आहे. ज्यांना घ्यायचं असेल त्यांनी आडव्या रेघेनंतरचा आकडा वाचावा: चार आकडी असेल तर पहिला आकडा ती पिढी, पाच आकडी असेल तर पहिले दोन.

दुसरीकडे झिऑनचा (इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरचा) टॉवर होता. खूप कोअर, ३२ जीबी रॅम, १४ हजार. क्षणभर मोह झाला. पण त्या झिऑनमध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड वेगळं घ्यावं लागणार. विंडोज ११ च्या यादीत तो बसत नाही, वीज जास्त खातो आणि बिघडला तर त्याचा बोर्ड इथे कोण शोधणार?

संध्याकाळी भाच्याने ऑनलाइन २,५०० रुपयांचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड दाखवलं. कार्ड घेणार नव्हतोच, पण त्याला समजावून सांगितलं. जुन्या, कमी ताकदीच्या कार्डाचं बायॉस, म्हणजे आतला मूळ प्रोग्रॅम, बदलून त्याला नव्या कार्डाचं नाव देण्याचा प्रकार बरीच वर्षं चालू आहे. जीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्रॅम अशी पुष्कळ कार्डं ओळखतो आणि नावापुढे चक्क 'फेक' लिहून दाखवतो. कार्ड हातात घेऊन, लावून, हे पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

१७ मे, शनिवार. मुंबई

तुतारी एक्स्प्रेसने पहाटे दादरला उतरलो, मी आणि भाचा. ग्रँट रोडला उतरून पूर्वेकडे चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी ते नाव विचारलं तर लोक दोन मिनिटं विचार करतात.

तीन दुकानांत नकार मिळाला, पेनड्राइव्ह लावू देत नाहीत. चौथ्या दुकानातले मामा मात्र म्हणाले, "लावा ना, दिवसभर बसा." त्यांच्याकडे तीन टॉवर एका टेबलावर मांडून घेतले.

आधी व्हीएलसीमध्ये संकासूर लावला. तिन्हींवर लोण्यासारखा चालला, प्रोसेसरचा वापर दहा टक्क्यांच्या आत. मी खूश. मग तोच तुकडा केडीएनलाइव्हमध्ये लावला आणि तिन्हींवर अडखळला! दहा मिनिटं काही सुचेना. मग एचडब्ल्यूइन्फो उघडल्यावर उलगडा झाला: व्हीएलसी चिपमधल्या व्हिडिओच्या खास भागाकडून काम करून घेत होता, माझ्या केडीएनलाइव्हमध्ये मात्र सगळा भार साध्या कोअरवर पडत होता. चिपमध्ये सोय असणं आणि आपला प्रोग्रॅम ती वापरत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिनाभर कागदावर अभ्यास करूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

उपाय माहीत होता: प्रॉक्सी. मूळ फाइलची लहान, हलकी प्रत बनवायची, कापाकापी तिच्यावर करायची आणि शेवटचं रेंडर मूळ फाइलवरून काढायचं. प्रॉक्सी बनवल्यावर तिन्ही यंत्रं सुरळीत चालली. मग खरा निकष उरला रेंडरचा वेळ. सातव्या पिढीचा आय ५-७५००: १४० सेकंद, किंमत साडेअकरा हजार. आय ५-८५००: ९६ सेकंद, १७ हजार. आय ७-८७००: ७४ सेकंद, साडेबावीस हजार.

तिथेच बसून हिशेब केला. आमचं तयार होणारं काम साधारण ३ तास २५ मिनिटांचं आहे. आय ५-८५०० वर ते पावणेपाच तासांत निघेल, आय ७ वर साडेतीन तासांच्या थोडं वर. दोन्ही वेळा मी झोपलेलीच असणार. रात्रीतला एक तास वाचवायला साडेपाच हजार, आणि तेवढ्याच पैशांत १ टीबीची नवी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) येते. आय ५-७५०० विंडोज ११ मुळे आधीच बाद होता.

तर डेल ऑप्टिप्लेक्स ७०६०, उंच टॉवर, आय ५-८५००, ८ जीबीची एक पट्टी, २५६ जीबी एनव्हीएमई एसएसडी. लहान डबा दीड हजाराने स्वस्त होता, पण त्यात पुढे अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं. टॉवरचा पॉवर सप्लाय २६० वॅटचा आहे, त्यामुळे पुढे स्लॉटमधूनच वीज घेणारं ७५ वॅटचं कार्ड घालता येईल. त्याहून मोठं घालायचं नाही, हे भाच्याला निक्षून सांगितलं. या डब्यातला पॉवर सप्लाय बाजारातल्या सरसकट सप्लायने बदलता येत नाही.

पैसे देण्याआधी: एसएसडीची तब्येत ९१ टक्के. सगळ्या यूएसबी खिडक्यांत पेनड्राइव्ह लावून पाहिला. बायॉसला पासवर्ड नाही. चोरी झाल्यास माग काढणारी कंपनीची प्रणाली बायॉसमध्ये सक्रिय नाही. विंडोजचा परवाना बोर्डातच नोंदलेला.

स्क्रीनसाठी पुन्हा संकासूर. पहिला मॉनिटर टीएन पॅनलचा. मान थोडी खाली केली की काळा पोशाख राखाडी होतो, वर केली की टोपी रात्रीत बुडून जाते. यावर रंग जुळवले असते तर गावात टीव्हीवर काहीच्या काही दिसलं असतं. दुसरा डेलचा पी २४१९एच, २४ इंची, आयपीएस. कुठूनही पाहा, काळ्या कापडाच्या घड्या दिसत होत्या. ५,२०० रुपये. एका कोपऱ्यात फिकट डाग आहे, तो पाहूनच घेतला. जोडीला ८ जीबीची आणखी एक पट्टी, १,५००.

बिल, सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी. टॉवर गोधडीत, मॉनिटर दोन उशांच्या मध्ये. परतीच्या गाडीला सुट्टीची गर्दी होती, पण डब्यातल्या लोकांनी सामान पाहून खिडकीपाशी जागा करून दिली.

२० मे

नवी पट्टी घातल्यापासून केडीएनलाइव्ह दोनदा आपोआप बंद पडलं. रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट ८६ चालवला, सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. पट्ट्या एकेक करून तपासल्या. जुनी निर्दोष, नवी सदोष. मामांना फोन केला. शेजारचा मुलगा उद्या मुंबईला निघालाय, त्याच्या हाती पाठवते. सात दिवसांच्या आत सगळी तपासणी उरकायची असते, घरी आणून ठेवून द्यायची नाही.

२४ मे

बदली पट्टी आली, दोन फेऱ्यांत एकही चूक नाही. विंडोज ११ कोरं बसवलं. दुकानातून आलेलं तसंच कधी वापरू नये. त्यात कोणी काय घालून ठेवलंय कळत नाही. टीपीएम बायॉसमध्ये बंद होतं, ते चालू केलं.

रेंडर करताना तापमान ९६ अंशांवर जात होतं. डबा उघडला, पंख्यात कापसासारखी धूळ. ब्रशने साफ केली, वाळून गेलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. आता ७४. घड्याळ रोज मागे जात होतं, बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदलला.

डब्याला हात लावला की मुंग्या येत होत्या. दोष यंत्राचा नव्हता, घरच्या अर्थिंगचा होता. वायरमनला बोलावून अर्थिंग नव्याने करून घेतलं, तोवर काहीच जोडलं नाही.

१ जून

१ टीबी एसएसडी ५,२००, २ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क ६,०००, ६०० व्हीएचा यूपीएस ३,०००. आतापर्यंत एकूण ३७,९००. प्रवासखर्च माझा मी केला.

दहा तासांच्या चित्रणाच्या प्रॉक्सी दीड रात्रीत तयार झाल्या. पण फोनच्या लांब फाइलींत विसाव्या मिनिटानंतर झांज आधी वाजते आणि हात नंतर आपटतो. फाइलीची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये पाहिलं: फ्रेमचा वेग बदलता. फोन उजेडाप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रॅममधून सगळ्या फोन फाइली ठरावीक २५ फ्रेमवर आणल्या आणि त्यांच्या प्रॉक्सी पुन्हा केल्या. हे आधी करायला हवं होतं, एक रात्र वाया गेली.

आवाज जुळवण्यासाठी चित्रणाच्या आरंभी टाळी वाजवायची, ती विसरलो होतो. नशिबाने प्रत्येक नमनाच्या सुरुवातीला झांजेचा एक सुटा ठोका आहे. आवाजाच्या आलेखात तो खिळ्यासारखा उभा दिसतो. त्यावर सगळे ट्रॅक आणून बसवले.

१४ जून

तीन दिवस वीज ये-जा करते आहे. यूपीएस बारा-पंधरा मिनिटं तग धरतो, काम जतन करून बंद करायला तेवढं पुरतं. रेंडर आता फक्त पहाटे लावते.

हार्ड डिस्क स्टीलच्या डब्यात, तांदळाच्या दाण्यांऐवजी सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली आहे. आमच्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेवरसुद्धा बुरशी येते.

१२ जुलै

आप्पांना पडवीत बसवून मृदंगाचा भाग दाखवला, निम्म्या गतीनं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हितं माझा डावा हात चुकला." मी विचारलं, काढू का? "ऱ्हाऊ दे. पोरांना कळंल चूक कशी दिसते ती." तो तुकडा ठेवला आणि आप्पांचं हे सांगणंही त्यांच्याच आवाजात खाली जोडलं.

त्यांना प्रत्येक बोल वेगळा ऐकायचा होता, म्हणून मृदंगाचा भाग ४० मिनिटांचा स्वतंत्र केला. बाकी गण, गवळण आणि वग मिळून पंचावन्न मिनिटांच्या तीन फिती.

२३ ऑगस्ट, शनिवार

बुधवारी गणपती. चाकरमानी यायला सुरुवात झाली.

फिती एच.२६४ मध्ये, १०८०पी, ८ मेगाबिटनं काढल्या. गावातले निम्मे टीव्ही फॅट ३२ (फाइली मांडायची जुनी पद्धत) चाच पेनड्राइव्ह वाचतात आणि त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. ८ मेगाबिटनं तास ३.६ जीबीत मावतो, त्यामुळे एकही फीत तोडावी लागली नाही. चार घरांतल्या चार वेगवेगळ्या टीव्हींवर लावून पाहिल्या. एका जुन्या टीव्हीवर आवाज आला नाही. त्या घरासाठी आवाज एमपी३ मध्ये बदलून वेगळी प्रत केली.

शिल्लक २,१०० रुपयांतून पेनड्राइव्ह घेतले. मूळ चित्रणाची एक प्रत एसएसडीवर, दुसरी स्टीलच्या डब्यातल्या हार्ड डिस्कवर. दोन्ही एकाच घरात आहेत, त्यामुळे तिसरी हार्ड डिस्क विसर्जनानंतर परळच्या काकांबरोबर मुंबईला जाईल. तिचे पैसे त्यांनीच द्यायचं कबूल केलंय. आज दुपारी नववीतला एक मुलगा मृदंगाची फीत मागायला आला. त्याला पेनड्राइव्ह दिला आणि आप्पांच्या घरी पाठवलं.